रस्त्यांतील माणसाचें चित्र : मांडणी आणि स्पष्टतेची खोली



छायाचित्र काढणें ही एके काळीं फार थोड्या लोकांच्या आटोक्यांतली गोष्ट होती. कॅमेरा महाग, कांचा व रसायनें सांभाळण्याचें काम जिकिरीचें, आणि समोरच्या माणसास कित्येक सेकंद निश्चल बसवून ठेवावें लागे. आज तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मोबाईल आहे व त्यांत कॅमेरा आहे. रस्त्यानें जातां जातां दिसलेल्या अनोळखी माणसाचें चित्र क्षणार्धांत घेतां येतें. परंतु साधन सुलभ झालें म्हणून विद्या सुलभ झाली असें होत नाहीं. उलट चित्र घेणाऱ्याची जबाबदारी वाढते. कारण रस्त्यांतील माणूस आपलें चित्र काढून घेण्यासाठीं तेथें आलेला नसतो. तो आपल्या पोटापाण्याच्या उद्योगांत असतो.

अशा माणसाचें, त्याच्या सहजस्थितींत घेतलेलें चित्र चांगलें कसें व्हावें, याचा विचार या पाठांत करावयाचा आहे. इंग्रजींत त्यास 'कँडिड पोर्ट्रेट' म्हणतात. त्याचीं दोन मुख्य अंगें आहेत. पहिलें, चौकटींत कोणती वस्तु कोठें यावी, म्हणजे मांडणी. आणि दुसरें, चित्रांत किती जवळपासून किती दूरपर्यंतच्या वस्तु रेखीव दिसाव्या, म्हणजे स्पष्टतेची खोली. यासच 'डेप्थ ऑफ फील्ड' असें नांव आहे. पुस्तकांतून हीं दोन अंगें निरनिराळ्या प्रकरणांत शिकविलीं जातात. परंतु रस्त्यावर उभें राहिल्यावर तीं एकाच प्रश्नाचीं उत्तरें ठरतात. तो प्रश्न असा : या माणसाबरोबर त्याच्या भोंवतालचें जग किती ठेवावयाचें आणि किती वगळावयाचें?

१. खोली कशी उत्पन्न होते

भिंग हें एका वेळीं एकाच अंतरावरील वस्तूची पूर्ण रेखीव प्रतिमा पाडूं शकतें. त्या अंतराच्या अलीकडील वा पलीकडील प्रत्येक बिंदूची प्रतिमा बिंदु न राहतां लहानशी चकती होते. चकती पुरेशी लहान असेल तोंवर आपला डोळा तिला बिंदूच समजतो. ती मोठी झाली कीं आपण म्हणतों, चित्र पुसट आलें. ज्या पट्ट्यांत चकती डोळ्यास कळण्याइतकी मोठी होत नाहीं, तो पट्टा म्हणजे स्पष्टतेची खोली. तेव्हां या पट्ट्याच्या कडा भिंतीसारख्या उभ्या नसतात. स्पष्टता हळूहळू विरत जाते.

भिंगाच्या छिद्रांतून येणारे किरण शंकूच्या आकारानें एकत्र येतात. छिद्र लहान केलें कीं शंकु निमुळता होतो, चकती लहान राहते व खोली वाढते. ज्याची दूरची दृष्टि अधु आहे असा मुलगा फळ्यावरील अक्षरें वाचतांना डोळे किलकिले करतो, त्याचें कारण हेंच. तो आपल्या डोळ्याचें छिद्र लहान करीत असतो.

छिद्राचें माप 'एफ' या अक्षरापुढें आंकडा घालून सांगतात. नाभीय अंतरास त्या आंकड्यानें भागलें कीं छिद्राचा व्यास निघतो. ५० मिलिमीटरच्या भिंगास 'एफ २' वर छिद्र २५ मिलिमीटरचें, तर 'एफ ८' वर सव्वासहा मिलिमीटरचें असतें. म्हणजे आंकडा मोठा तितकें छिद्र लहान. नवशिके येथेंच गोंधळतात, म्हणून हें एकदां गणित करून पाहावें.

१९२५ सालीं जर्मनींतील लाइट्स यांच्या कारखान्यानें लायका नांवाचा लहान कॅमेरा बाजारांत आणला. त्याच्या चित्राची चौकट २४ × ३६ मिलिमीटरची होती. हेंच माप पुढें सर्वत्र रूढ झालें. पुढील आंकडे त्याच मापाच्या चौकटीचे व ०.०३ मिलिमीटरपर्यंतची चकती स्पष्ट मानून काढलेले आहेत. फोकस तीन मीटरवर आहे असें समजा.

५० मिलिमीटरचें भिंग 'एफ २' वर ठेवलें, तर सुमारें २.८ मीटरपासून ३.२ मीटरपर्यंतचा भाग स्पष्ट येतो. म्हणजे खोली साधारण ४३ सेंटिमीटर. तेंच भिंग 'एफ ८' वर नेलें, तर २.३ पासून ४.२ मीटरपर्यंत स्पष्टता मिळते. ३५ मिलिमीटरचें भिंग 'एफ ८' वर ठेवल्यास १.९ पासून ७.३ मीटरपर्यंतचा रस्ता रेखीव येतो. उलट ८५ मिलिमीटरचें भिंग 'एफ २' वर असेल तर खोली अवघी १५ सेंटिमीटरच्या आसपास. त्यांत मुद्रा सामावते, पण हातांतील पाटी सामावत नाहीं.

अंतराचा परिणाम याहूनहि तीव्र आहे. ५० मिलिमीटरच्या त्याच भिंगानें 'एफ २' वर दीड मीटरवर फोकस केल्यास खोली ४३ वरून सुमारें ११ सेंटिमीटरवर येते. अंतर निम्मे झालें, तर खोली जवळजवळ चतुर्थांश झाली. अशा वेळीं एक डोळा रेखीव आणि दुसरा पुसट असा प्रकार सहज घडतो. म्हणून फोकस कोठें करावा हें विचारणाऱ्यास एकच उत्तर द्यावें : कॅमेऱ्यास जवळ असलेल्या डोळ्यावर.

२. रस्त्यावर वेळ थोडा असतो

चित्रशाळेंत माणूस बसलेला असतो. रस्त्यावर तो चालत असतो, वळत असतो, हंसतां हंसतां गंभीर होतो. साधारण चालीनें माणूस सेकंदास सुमारें १.३ मीटर जातो. तो आपल्या दिशेनें येत असेल, तर ४३ सेंटिमीटरचा स्पष्ट पट्टा तो सेकंदाच्या एक तृतीयांशांत ओलांडतो. परंतु ३५ मिलिमीटरचें भिंग 'एफ ८' वर ठेवून मिळणारा साडेपांच मीटरांचा पट्टा ओलांडण्यास त्याला चार सेकंद लागतात. चार सेकंदांत पाहतां येतें, थांबतां येतें, निवड करितां येते. रस्त्यावर काम करणारे चित्रकार फोकस आधींच तीन मीटरवर ठरवून ठेवतात आणि मग कॅमेऱ्याकडे न पाहतां माणसाकडे पाहतात, त्याचें मर्म हें आहे.

मात्र लहान छिद्राची किंमत प्रकाशानें द्यावी लागते. 'एफ २' वरून 'एफ ८' वर गेल्यास प्रकाश सोळावा हिस्सा उरतो. जेथें शटर सेकंदाचा पांचशेंवा भाग उघडून चालत होतें, तेथें आतां तिसावा भाग उघडें ठेवावें लागेल. सेकंदाच्या पांचशेंव्या भागांत चालणारा माणूस तीन मिलिमीटरहि पुढें सरकत नाहीं. तिसाव्या भागांत तो चार सेंटिमीटरांवर सरकतो व त्याची आकृति फरफटलेली येते. म्हणून भर उन्हांत 'एफ ८' सुखाचा, आणि दिवेलागणीस मोठें छिद्र अपरिहार्य, असा साधारण नियम होतो. प्रकाशास अधिक संवेदनशील फिल्म वापरून किंवा हल्लींच्या कॅमेऱ्यांत संवेदनशीलता वाढवून ही अडचण कांहीं अंशीं दूर करितां येते. पण त्या मानानें चित्रांत रवाळपणा येतो.

३. मांडणी पावलांनीं करावयाची असते

चित्रकार मांडणी कुंचल्यानें करतो. छायाचित्रकार ती पावलांनीं करतो. समजा, मंडईच्या दारांत एक फुलवाली बसली आहे आणि तिच्या डोक्यामागून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसत आहे. आपण एक पाऊल डावीकडे सरकलों तर फुलवाली चौकटींत थोडी हलते, पण दूरचा खांब तिच्या तुलनेनें पुष्कळ सरकतो आणि डोकें मोकळें होतें. तिला 'जरा सरका' म्हणावें लागत नाहीं. पार्श्वभूमि बदलण्याचा सर्वांत स्वस्त उपाय एक पाऊल हा आहे. तो आधीं करून पाहावा. छिद्र मोठें करून खांब पुसट करण्याचा उपाय नंतरचा. पुसट झालेला खांब खांबच राहतो, आणि डोक्यांतून उगवलेलाच राहतो.

दुसरी गोष्ट उंचीची. बसलेल्या माणसाचें चित्र उभ्यानें घेतलें तर त्याचें कपाळ मोठें, हनुवटी लहान व मागें नुसती जमीन येते. पाहणारा वर व पाहिला जाणारा खालीं, असा भाव न सांगतां चित्रांत उतरतो. आपण गुडघे टेकून डोळ्यास डोळा समोर आणला कीं त्याच माणसाच्या मागें त्याचें दुकान, त्याची गल्ली व त्याचे शेजारी दिसूं लागतात.

तिसरी गोष्ट हातांची. रस्त्यांतील माणसाची ओळख पुष्कळदां त्याच्या मुद्रेइतकीच त्याच्या हातांत असते. गजरा ओवणारीं बोटें, चपलेस टांका घालणारी आरी, तराजू उचललेली मूठ, यांना चौकटीच्या कडेनें मनगटापाशीं तोडूं नये. हात घ्यावयाचे तर कामासकट घ्यावे. आणि हात व मुद्रा दोन्ही रेखीव हवीं असतील, तर त्यांच्यामध्यें पाऊण मीटरपर्यंत अंतर असूं शकतें हें ध्यानांत ठेवून छिद्र ठरवावें. मांडणीचा निर्णय येथें आपोआप खोलीचा निर्णय होतो.

चौथी गोष्ट प्रकाशाची. मागें पांढरी उन्हांतील भिंत असेल तर कॅमेरा आपोआप प्रकाश कमी करतो व सांवळ्या वर्णाची मुद्रा काळवंडते. आपल्या देशांत हा दोष नित्य आढळतो. प्रकाशाचें माप भिंतीवरून न घेतां मुद्रेवरून घ्यावें, किंवा काळोख्या दाराची पार्श्वभूमि शोधावी. तेथें पुसटपणाची मदत न घेतांहि माणूस पार्श्वभूमीपासून सुटा दिसतो.

४. तीन उदाहरणें

पार्श्वभूमि राखावी कीं टाकावी, हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाहीं हें दाखविणारें एक उदाहरण मुंबईचेंच आहे. विल्यम जॉन्सन नांवाच्या इंग्रज छायाचित्रकारानें १८६३ ते १८६६ या काळांत मुंबईंतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांच्या चित्रांचा दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील चित्रांत माणसांच्या आकृति एका ठिकाणीं घेतलेल्या व मागचीं दृश्यें दुसऱ्या ठिकाणीं घेतलेलीं, असें जोडकाम आहे. त्या काळच्या साधनांनीं माणूस व दूरचें दृश्य एकाच वेळीं नीट घेणें कठीण होतें, हें खरें. परंतु परिणाम असा झाला कीं ज्या रस्त्यावर तो माणूस त्या क्षणीं नव्हता, तेथें तो उभा दिसूं लागला. अशा ग्रंथांत माणसाचें नांव गौण आणि जातीचें नांव मुख्य असे. माणूस आपल्या जागेपासून सुटला कीं त्याचा नमुना होणें सोपें जातें.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील आहे. १९१६ सालीं पॉल स्ट्रँड या तरुण छायाचित्रकारानें न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका अंध स्त्रीचें चित्र घेतलें. लोकांना आपण दुसरीकडे कॅमेरा रोखला आहे असें वाटावें म्हणून त्या वेळीं तो कॅमेऱ्याच्या बाजूस एक खोटें भिंग बसवीत असे. १९१७ सालीं 'कॅमेरा वर्क' या नियतकालिकाच्या अखेरच्या अंकांत तें चित्र छापलें गेलें. मांडणी अत्यंत साधी आहे. मागें दगडी भिंत, पुढें ती स्त्री, छातीवर 'अंध' या अर्थाचा मोठ्या अक्षरांतील फलक, आणि त्याच्या वर फेरीवाल्याच्या परवान्याचा क्रमांक असलेला लहान बिल्ला. रस्ता जवळजवळ सर्वच वगळला आहे. पण फलक आणि बिल्ला ठेवले आहेत, व ते मुद्रेइतकेच वाचतां येतात. शहरानें त्या स्त्रीला काय मानलें, तें त्या दोन वस्तु सांगतात. ती कोण आहे, तें मुद्रा सांगते. जें ठेवलें तें ठेवण्यास कारण आहे.

तथापि येथें एक शंका उरते, आणि ती टाळूं नये. जी स्त्री पाहूंच शकत नाहीं तिच्यासमोर खोट्या भिंगाची गरज काय? गरज होती ती भोंवतालच्या डोळस लोकांसाठीं. तिची संमति मात्र कोणत्याहि भिंगानें घेतलेली नव्हती. चित्र थोर आहे आणि हा प्रश्नहि तितकाच खरा आहे. दोन्ही एकत्र मनांत वागवावे लागतात.

तिसरें उदाहरण वॉकर इव्हान्स याचें. १९३८ ते १९४१ या काळांत त्यानें न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेंतील उतारूंचीं चित्रें घेतलीं. कॅमेरा कोटाखालीं, भिंग दोन गुंड्यांच्या मधून डोकावणारें, आणि कळ दाबण्याची तार बाहींतून हातापर्यंत आणलेली. चौकट डोळ्यानें पाहतां येत नव्हती आणि फोकस फिरवितां येत नव्हता. डब्यांतला उजेड अंधुक. अशा स्थितींत मांडणी कशी करावी? आपण कोणत्या बाकावर बसावें, एवढीच निवड त्याच्या हातीं राहिली. पण समोरासमोरच्या बाकांमधील अंतर बहुतेक ठरलेलें असतें. तेव्हां थोड्या खोलींतहि समोरचा माणूस सांपडे. त्या चित्रांत लोक थकलेले, विचारांत गढलेले, कोणासाठींहि मुद्रा न सजविलेले असे दिसतात. ग्रंथरूपानें तीं चित्रें १९६६ सालीं बाहेर आलीं. म्हणजे शेवटचें चित्र घेतल्यावर पंचवीस वर्षांनीं. घेणें आणि प्रसिद्ध करणें या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हें आजच्या एका बोटासरशी चित्र जगभर धाडण्याच्या काळांत विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे.

५. मोबाईलचा पुसटपणा

मोबाईलमधील भिंगाचें खरें नाभीय अंतर बहुधा पांच-सात मिलिमीटर असतें. इतक्या आंखूड भिंगास खोली स्वभावतःच फार मिळते; माणूस व मागची गल्ली दोन्ही रेखीव येतात. म्हणून 'पोर्ट्रेट' नांवाच्या सोयींत यंत्र कोणता भाग जवळचा व कोणता दूरचा याचा अंदाज बांधून दूरचा भाग गणितानें पुसट करतें. कानाजवळचे केस, पदराची किनार, टोपलीच्या काड्या, चष्म्याची कड येथें तो अंदाज पुष्कळदां चुकतो. परंतु मुख्य आक्षेप याहून निराळा आहे. ही सोय प्रत्येक माणसामागील जग सारखेंच पुसून टाकते. फुलवालीच्या मागचीं फुलें आणि रखवालदाराच्या मागचें फाटक, दोन्ही एकाच धुक्यांत जातात. मोबाईलच्या रेखीव खोलीस वैगुण्य समजूं नये. जर पावलांनीं पार्श्वभूमि नीट निवडली, तर तीच खोली माणसाचें घरदार, धंदा व सोबती यांची साक्ष देते.

६. करून पाहण्यासारखा पाठ

शाळेच्या पटांगणांत तीन सोबती दोन, तीन व पांच मीटरांवर थोडे तिरपे उभे करा. फोकस मधल्यावर ठेवून प्रथम मोठ्या व नंतर लहान छिद्रानें चित्रें घ्या आणि शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. नंतर छिद्र न बदलतां स्वतः एक एक पाऊल डावीउजवीकडे सरकून चार चित्रें घ्या. पहिल्या प्रयोगांत खोली बदलली, दुसऱ्यांत मांडणी. कोणत्या बदलानें मधला सोबती अधिक ओळखीचा वाटला, तें वहींत कारणासह लिहा. ज्यांच्याजवळ फक्त मोबाईल आहे त्यांनीं दुसरा प्रयोगच दोनदां करावा. त्यांचें फारसें कांहीं बिघडणार नाहीं.

मगच बाजारांत जा. आणि जातांना नकळत घेणें व चोरून घेणें यांतील भेद ओळखून जा. माणूस कामांत गुंतलेला असतांना त्याची सहजता मोडूं नये म्हणून न बोलतां चित्र घेणें हें नकळत होय. त्यानें पाहिलें असतां पाहतील म्हणून लपणें, हें चोरून होय. चित्र घेतल्यावर आपण तेथेंच उभे राहूं शकतों काय, मान लववून हंसूं शकतों काय आणि पडद्यावरील चित्र त्याच्यापुढें धरूं शकतों काय, ही कसोटी स्वतःस लावावी. त्यानें 'नको' म्हटलें तर चित्र त्याच्यासमोर पुसून टाकावें. आजारी, झोपलेल्या वा दुःखांत असलेल्या माणसासमोर, आणि अनोळखी लहान मुलांसमोर, कॅमेरा खिशांतच राहूं द्यावा. मूल असेल तर आधीं आईबापांस विचारावें.

दाखविण्याजोगें चित्र झालें असेल, तर पुढल्या खेपेस त्याची एक छापील प्रत त्या माणसाला नेऊन द्यावी. ती हातांत घेऊन तो प्रथम काय पाहतो, आपला चेहरा कीं मागची पाटी, गाडी, दुकान, तें लक्ष देऊन पाहा. खोली किती ठेवावयास हवी होती, याचें उत्तर तुम्हांस तेथें मिळेल.